बुडणारा चिकटा, तरंगणारा चिकटा

अल्शियन ब्लू हा रंग मुळात कापडासाठी तयार झाला. 1950 साली स्टीडमन या संशोधकाने तो प्राण्यांच्या ऊतींवर वापरून पाहिला, तेव्हा असं दिसलं की जिथे श्लेष्म आहे तिथेच हा रंग धरतो, बाकी ठिकाणी फारसा चढत नाही. तेव्हापासून तो पॅथॉलॉजीच्या टेबलावर जाऊन बसला. आतड्याच्या किंवा जठराच्या तुकड्यातला बुळबुळीत भाग ओळखायला तो आजही वापरतात. समुद्रविज्ञानाला मात्र त्याची खरी गरज कळायला आणखी चार दशकं जावी लागली.

1993 साली अ‍ॅलिस ऑलड्रेज, उटा पासो आणि ब्रूस लोगन या तिघांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळचं पाणी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळलं आणि फिल्टरवर हा रंग सोडला. डोळ्यांना ते पाणी निवळशंख दिसत होतं. सूक्ष्मदर्शकाखालीही आधी काही दिसलं नसतं, कारण जे शोधायचं होतं ते पूर्ण पारदर्शक होतं. रंग चढल्यावर मात्र फिल्टरभर निळे ठिपके, दोरे, पापुद्रे आणि वेड्यावाकड्या गाठी उमटल्या. काही तीन मायक्रोमीटरचे, काही शेकडो मायक्रोमीटरचे. दर मिलिलिटर पाण्यात असे कण कुठे 28, तर कुठे 5000 निघाले. शतकभर लोक समुद्राचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरत आले होते आणि त्या पाण्यातल्या कणांचा एवढा मोठा वर्ग कुणाच्या नजरेलाच पडला नव्हता.

त्यांना नाव मिळालं ‘ट्रान्स्परंट एक्सोपॉलिमर पार्टिकल्स’, थोडक्यात टीईपी. म्हणजे सूक्ष्मजीवांनी शरीराबाहेर टाकलेल्या लांब साखळ्यांच्या रेणूंचे पारदर्शक कण. या साखळ्या बहुतांशी आम्लधर्मी शर्करांच्या असतात, आणि कणांचा सगळ्यात ठळक गुण म्हणजे ते कमालीचे चिकट असतात.

मोजणीची रीत तर ऐकण्यासारखी आहे. रंगवलेला फिल्टर 80 टक्के सल्फ्युरिक आम्लात दोन तास ठेवायचा, सुटलेला निळा रंग 787 नॅनोमीटरच्या प्रकाशात किती शोषला जातो ते वाचायचं, आणि तो आकडा झँथन गमशी ताडून पाहायचा. झँथन गम म्हणजे आइस्क्रीम आणि बाटलीबंद सॉस दाट राहावेत म्हणून घालतात तोच. त्यामुळे अटलांटिकच्या मधोमध घेतलेल्या पाण्याबद्दलच्या गंभीर शोधनिबंधात ‘लिटरमागे इतके मायक्रोग्रॅम झँथन गमएवढे टीईपी’ असं लिहिलेलं सापडतं. ही पद्धत ढोबळच आहे. एका जातीच्या शैवालाचा चिकटा रंग जास्त पितो, दुसऱ्याचा कमी. पण तीस वर्षं उलटली तरी हिला सर्रास चालणारा दुसरा पर्याय उभा राहिलेला नाही.

हा चिकटा येतो कुठून? मुख्यतः डायटमसारख्या एकपेशीय वनस्पतीप्लवकांकडून. डायटमची पेशी काचेसारख्या सिलिकाच्या डबीत राहते आणि सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनवते. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट आहे तोवर त्या शर्करेतून प्रथिनं तयार होतात, पेशी दुभंगत राहतात, बहर वाढतो. मग नायट्रेट संपतं. सूर्य मात्र तसाच तळपत असतो, प्रकाशसंश्लेषण थांबत नाही. प्रथिनं करायला नायट्रोजन नाही आणि शर्करा तर साचतेय, अशा अडचणीत सापडलेली पेशी जादा शर्करा बाहेर टाकून देते. म्हणून चिकट्याचं प्रमाण बहराच्या भरात असतं त्यापेक्षा बहर ओसरायला लागला की वाढतं.

बाहेर पडलेल्या या साखळ्या आधी विरघळलेल्याच असतात. त्यांच्यावर ऋण भार असतो आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. कॅल्शियमचा आयन दोन साखळ्यांना एकमेकींशी बांधतो, गुंता वाढतो, आणि पाहता पाहता जेलचा कण तयार होतो. 1998 साली चिन, ओरेयाना आणि व्हर्दुगो यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की त्यासाठी जिवंत पेशीही लागत नाही. एकूण एक कण गाळून काढलेलं समुद्राचं पाणी नुसतं ठेवून दिलं, तरी त्यात जेल आपोआप जमतं. लाटा फुटल्या की काम आणखी जलद होतं, कारण हे रेणू हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर गोळा होतात. पावसाळ्यात कोकणातल्या किनाऱ्यावर फेसाचे ढीग येतात, त्यांना सरसकट प्रदूषण म्हणण्याची घाई होते. कधी ते प्रदूषण असतंही. पण बऱ्याचदा त्या फेसाला टिकाव देणारे रेणू प्लवकांकडूनच आलेले असतात.

विरघळलेल्याचा कण होणं ही रसायनशास्त्रातली किरकोळ बाब वाटेल, पण कार्बनच्या हिशेबात ती फार मोठी आहे. समुद्रात विरघळलेला सेंद्रिय कार्बन सुमारे 660 अब्ज टन आहे, म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात असलेल्या एकूण कार्बनच्या तीन-चतुर्थांश. विरघळलेलं द्रव्य स्वतःहून खाली बसत नाही. पाणी जिथे नेईल तिथे ते जातं. कण मात्र बुडू शकतो, कुणाच्या तोंडी लागू शकतो, दुसऱ्या कणाला धरू शकतो.

ऑलड्रेज या विषयात रंगाच्या आधीपासून होत्या. 1972 साली, विद्यार्थिदशेतच, त्यांनी लार्वेशियन या प्राण्याच्या टाकून दिलेल्या ‘घरां’वर ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला. लार्वेशियन बेडकाच्या पिल्लासारखा दिसतो, स्वतःभोवती श्लेष्माचं घर विणतो, शेपटी हलवून त्यातून पाणी खेचतो आणि अन्न गाळून घेतो. घराच्या जाळ्या तुंबल्या की ते सोडून नवं घर करतो. ही घरं जाळ्यात येत नाहीत, बाटलीत टिकत नाहीत, स्पर्श झाला की विरून जातात. म्हणून ऑलड्रेज आणि त्यांच्यासारखे काही जण भर समुद्रात दोराला बांधून घेऊन बुडी मारत आणि हाताने, एकेक कण, सिरिंजमध्ये ओढून घेत. जहाजावरून टाकलेल्या जाळ्यांच्या आणि बाटल्यांच्या आधारे उभं राहिलेलं समुद्राचं चित्र किती अपुरं होतं, हे अशा बुड्यांनी उघड केलं. मॉन्टेरी उपसागरात राहणाऱ्या मोठ्या जातीच्या लार्वेशियनचं घर तर मीटरभर रुंद असतं. ब्रूस रॉबिसन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं, की सोडून दिलेली ही घरं आक्रसतात आणि दिवसाला सुमारे 800 मीटर वेगाने तळाकडे जातात. गाळ धरायच्या नेहमीच्या सापळ्यांत ती जवळपास कधीच सापडत नव्हती.

अशी घरं, मेलेली प्लवकं, विष्ठेच्या गोळ्या, जीवाणू, धूळ यांचे चिकट्याने बांधले गेलेले अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पुंजके म्हणजे ‘सागरी हिम’. हे नाव रूढ झालं ते होक्काइडो विद्यापीठाच्या सुझुकी आणि काटो या संशोधकांमुळे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कुरोशिओ’ नावाच्या निरीक्षण-कक्षात बसून ते खाली गेले, आणि दिव्याच्या झोतात हे पांढरे पुंजके सतत खाली येताना त्यांना दिसले.

आता वेगाचं गणित. एकटी डायटम पेशी दिवसाला जेमतेम मीटरभर खाली जाते. समुद्राची सरासरी खोली सुमारे 3700 मीटर, म्हणजे तळ गाठायला दहा वर्षं. दहा वर्षांत तिला कुणीतरी खाऊन टाकणार, नाहीतर जीवाणू तिचा फडशा पाडणार, आणि तिच्यातला कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन वरच्या थरातच राहणार. हीच पेशी पुंजक्यात अडकली तर दिवसाला 100 मीटरही जाऊ शकते, मग तळ महिना-सव्वा महिन्यावर येतो. 1983 साली डेव्हिड बिलेट आणि सहकाऱ्यांनी ईशान्य अटलांटिकच्या तळाचे फोटो प्रसिद्ध केले. वर वसंतातला बहर आला की काही आठवड्यांत हजारो मीटर खोल चिखलावर हिरवट, भुसभुशीत थर पसरतो, हे त्यात स्पष्ट दिसत होतं.

पेशी पेशीला आपसूक चिकटत नाही. दोन डायटम एकमेकांवर आदळल्या तरी बहुतेक वेळा तशाच सुटून जातात. टीईपी मधे आला की सुटत नाहीत. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली की घटकाभरात गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो, तसंच काहीसं इथे समुद्रभर चालतं. लोगन हे पर्यावरण अभियंता, आणि पाण्यातले बारीक कण एकत्र येऊन खाली बसणं हा त्या शाखेचा रोजचा विषय. या शोधात त्यांचं नाव असणं त्यामुळे अजिबात नवलाचं नाही.

या सगळ्या व्यवहाराला ‘जैविक पंप’ म्हणतात. सागरी वनस्पतीप्लवकं वर्षाला सुमारे 50 अब्ज टन कार्बन बांधतात. त्यातला 5 ते 12 अब्ज टन उजेडाच्या थरातून खाली जातो असे अंदाज आहेत, आणि तोही वाटेत खाल्ला जात जात कमी होतो. कायमचा चिखलात गाडला जाणारा भाग अगदी चिमूटभर. पण गाडला जाण्याची गरजही नसते. हजारभर मीटरखाली गेलेला कार्बन तिथे पुन्हा विरघळला तरी त्याला वर यायला शतकं लागतात. टीईपीत आणखी एक विशेष आहे. प्लवकांच्या शरीरात साधारण 106 कार्बन अणूंमागे 16 नायट्रोजन असतात, तर शर्करेच्या या कणांत नायट्रोजनचा वाटा त्याहून बराच कमी. म्हणजे समुद्राचा तुटपुंजा नायट्रोजन फारसा न दवडता कार्बन खाली जाऊ शकतो. हे एवढंच पाहिलं तर टीईपी म्हणजे हवामान बदलावरचं आयतं औषध वाटेल, आणि सुरुवातीच्या काही लिखाणाचा सूर तसा होताही.

पण चिकटणं म्हणजे बुडणं नव्हे.

कुमिको अझेत्सु-स्कॉट आणि उटा पासो यांनी 2004 साली प्रयोगशाळेत शुद्ध टीईपीची घनता काढली. ती निघाली घनसेंटिमीटरला 0.70 ते 0.84 ग्रॅम. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025च्या आसपास. म्हणजे नुसता चिकटा बुडत तर नाहीच, उलट वर चढतो, आणि जे त्याला चिकटलं असेल त्यालाही वर घेऊन जातो. पुंजका खाली जाणार की वर, हे चिकट्यावर ठरत नाही. त्यात किती वजनदार माल अडकलाय, त्यावर ठरतं: डायटमचं सिलिका, कॉकोलिथोफोर शैवालांचा चुना, वाऱ्याने आलेली धूळ, नदीचा गाळ.

हे भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसेल. 1986 साली गोव्यातल्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हँबुर्ग विद्यापीठ यांनी मिळून अरबी समुद्रात तीन ठिकाणी गाळाचे सापळे सोडले. सापळा म्हणजे नांगराला बांधलेला मोठा शंकू, त्याखाली बाटल्यांची फिरती चकती. ठरलेले दिवस झाले की चकती एक घर पुढे सरकते आणि पडणारा माल नव्या बाटलीत जमू लागतो. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी 1989 साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले: खोल पाण्यात पडणाऱ्या कणांचा ओघ मान्सूनच्या तालावर चालतो. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की पश्चिम अरबी समुद्रात खालचं पोषक पाणी वर येतं, बहर फुटतो, आणि त्यापाठोपाठ खालच्या बाटल्या भरू लागतात. हिवाळ्यातल्या ईशान्य मान्सूनमध्ये दुसरी, धाकटी भरती येते. कोकणात छत्र्या उघडतात त्याच वाऱ्यांनी खोल समुद्रातल्या बाटल्याही भरतात, याची किनाऱ्यावर कुणाला कल्पना नसते.

पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरात, गोष्ट निराळी. तिथे बहर तुलनेने लहान, कारण नद्यांचं गोडं पाणी वर झाकणासारखं पसरतं आणि खालचं पोषक पाणी वर येऊ देत नाही. पण गंगा-ब्रह्मपुत्रा हिमालयाची माती वाहून आणतात. तिथल्या सापळ्यांवर काम करणारे वेणुगोपालन इट्टेक्कोट यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं, की ही खनिज माती सेंद्रिय पुंजक्यांत अडकते, त्यांना जड करते आणि झपाट्याने खाली नेते. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, कारण खाली येणारा माल जीवाणू तिथेच खाऊन टाकतात. बंगालच्या उपसागरात हा पट्टा आहे, पण तितका टोकाचा नाही. माल त्या थरात रेंगाळत नाही, चटकन पार होतो, हे त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. दोना पावलाच्या संशोधकांनी पुढे दोन्ही समुद्रांत टीईपीही मोजले. चिकटा इकडेही आहे, तिकडेही. फरक करतं ते ओझं.

वजन नसलं की काय होतं, हे 2021 साली इस्तंबूलकरांनी अनुभवलं. वसंतापासूनच मार्मारा समुद्रावर पांढुरक्या-तपकिरी श्लेष्माची साय धरू लागली. जूनपर्यंत बंदरं, खाड्या, कोळ्यांची जाळी सगळं माखून गेलं. तुर्की लोक त्याला समुद्राची लाळ म्हणतात. सांडपाण्यातली पोषकं, ऊबदार पाणी आणि संथ वारे एकत्र आले, शैवालांनी चिकटा सोडला, आणि त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी तो तरंगत ठेवला. पुढे त्यातला काही खाली बसला तेव्हा तळाच्या प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा श्वास कोंडला.

याच्या नेमकं उलट उदाहरण मेक्सिकोच्या आखातातलं. 20 एप्रिल 2010ला ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला आणि विहिरीतून सत्त्याऐंशी दिवस तेल वाहत राहिलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वरच राहणार असा सगळ्यांचा हिशेब. पण जीवाणूंनी आणि प्लवकांनी सोडलेल्या श्लेष्मात तेलाचे थेंब अडकले, त्याला मिसिसिपीच्या पाण्यातली माती मिळाली, आणि पुंजके बुडाले. तळावर तपकिरी थर बसला, त्याखाली खोल पाण्यातली प्रवाळंही आली. गळतीच्या सुरुवातीच्या हिशेबात ‘तेल खाली बसेल’ हा रकानाच नव्हता.

सगळ्यात अलीकडचा धक्का 2024चा. स्टॅनफर्डचे मनू प्रकाश (कागदी सूक्ष्मदर्शक ‘फोल्डस्कोप’मुळे आपल्याकडच्या शाळांनाही हे नाव ठाऊक आहे) आणि राहुल छाजवा यांच्या गटाने ‘ग्रॅव्हिटी मशीन’ नावाचं यंत्र जहाजावर नेलं. पाण्याने भरलेलं गोल भांडं सावकाश फिरत राहतं, त्यामुळे बुडणारा पुंजका सूक्ष्मदर्शकासमोरच राहतो आणि तरीही बुडतच असतो. त्याला तळ कधी लागतच नाही. मेनच्या आखातातले ताजे पुंजके त्यांनी यात सोडले आणि पाण्यात अतिसूक्ष्म मणी टाकले, म्हणजे पुंजक्याभोवतीचा प्रवाह दिसावा. मण्यांच्या हालचालीतून कळलं, की दिसणाऱ्या पुंजक्यामागे धूमकेतूच्या शेपटीसारखा श्लेष्माचा न दिसणारा पिसारा आहे आणि तो पुंजक्याबरोबर ओढला जातोय. या पिसाऱ्यामुळे वेग मंदावतो. त्यांच्या हिशेबाने वरच्या 100 मीटरमध्ये पुंजक्याचा मुक्काम दुप्पट होतो. मुक्काम वाढला की जीवाणूंना खायला वेळ मिळतो, आणि खाल्लेला कार्बन तिथेच सुटतो. पुंजके बांधणारा चिकटाच त्यांचा पाय मागे ओढतो, असा हा निष्कर्ष आहे. ‘सायन्स’मध्ये तो छापून आला तेव्हा बुडण्याचा वेग आकारावरून काढणाऱ्या जुन्या समीकरणांची चांगलीच पंचाईत झाली.

समुद्रात लोह टाकून शैवाल वाढवावं, म्हणजे हवेतला कार्बन आपोआप तळाशी जाईल, ही कल्पना अधूनमधून डोकं वर काढते, आणि तिची खरी परीक्षा पुंजके बुडतात की नाही, इथेच होते. ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने 2004 साली दक्षिण महासागरातल्या एका भोवऱ्यात लोह टाकलं. डायटमचा दणदणीत बहर आला, त्यांचे पुंजके झाले, आणि बहरातलं किमान निम्मं जैववस्तुमान 1000 मीटरखाली गेलं. व्हिक्टर स्मेटाचेक आणि सहकाऱ्यांनी 2012 साली हे प्रसिद्ध केलं तेव्हा लोहवाल्यांना हुरूप आला.

पण त्याआधीच, 2009 साली, हेच जहाज ‘लोहाफेक्स’ मोहिमेवर जाऊन आलं होतं. ही मोहीम भारत-जर्मनीची संयुक्त. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी आणि स्मेटाचेक हे तिचे प्रमुख. पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपांमुळे जर्मन सरकारने ती सुरुवातीलाच काही काळ रोखली, मग परवानगी मिळाली. नैर्ऋत्य अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यावर लोह टाकलं गेलं आणि 39 दिवस पाहणी झाली. शैवाल वाढलं. पण त्या पाण्यात सिलिका संपत आलेलं होतं, त्यामुळे डायटमना डबी बांधायला सामानच नव्हतं. वाढली ती छोटी, मऊ कवचहीन शैवालं. त्यांच्यावर कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्यांनी ताव मारला, आणि थीमिस्टो नावाचे कोळंबीसारखे अ‍ॅम्फिपॉड तर त्या पट्ट्यात झुंडीने होते. वर बांधला गेलेला कार्बन बहुतेक वरच फिरत राहिला. पट्ट्याच्या आत आणि बाहेर सोडलेल्या तरंगत्या सापळ्यांतला माल ताडून पाहिला, तेव्हा खाली जाणाऱ्या कार्बनमध्ये म्हणावी अशी वाढ आढळली नाही.